जुना लॅपटॉप, दोन डिस्क आणि विट्याचा डबा

माझा लॅपटॉप डेलचा लॅटिट्यूड, २०१० चं मॉडेल. मी तो २०१६ साली पुण्यातून सेकंडहँड घेतला, म्हणजे माझ्याकडे यायच्या आधीच तो कुठल्यातरी कंपनीत राबून आलेला; पाठीवर अजून त्यांचा बारकोडचा स्टिकर आहे. विंडोज ७, रॅम ४ जीबी, आत मूळची २५० जीबीची हार्ड डिस्क होती. भाचा सांगलीत आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "मावशी, हे डबडं भंगारात घाल की आता." नाही घालणार. त्यात पानं जुळवायचा पेजमेकर ७ आहे, मराठी फाँटांची श्रीलिपी आहे आणि मी जुळवलेल्या लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, हळदीच्या अडत्यांची बिलबुकं आहेत. पेजमेकर अडोबी कंपनीने कधीच सोडून दिला, पण गावातली गिऱ्हाइकं अजून म्हणतात, "गेल्या वर्षीचंच काढा, फक्त तारीख बदला." ते गेल्या वर्षीचं ह्या डबड्यातच उघडतं.

जागा संपत आली आणि डिस्क कुरकुरायला लागली तेव्हा बाहेरून डिस्क जोडायचं ठरवलं. माझ्यासारखी जुनी यंत्रं सांभाळून असणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून काय केलं, कुठे फसले, ते सगळं लिहितेय.

आधी एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचा खटाटोप का, ते कळेल. २०१९ पर्यंत माझं मुख्य काम डेस्कटॉपवर चालायचं, आणि त्याला एक एक्स्टर्नल डिस्क कायम लावलेली असायची. तिला मी बॅकअप म्हणायचे. ऑगस्टात कृष्णेचं पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही गावभागातलं घर सोडून नणंदेकडे विट्याला गेलो. २००५ च्या पुरात पाणी उंबऱ्यापाशी थांबलं होतं, त्या हिशेबाने मी डेस्कटॉप आणि डिस्क उचलून टेबलावर ठेवली आणि लॅपटॉप पिशवीत घातला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. टेबल, डेस्कटॉप, डिस्क, सगळं एकाच पाण्यात. बॅकअप होता, पण तो मूळ फायलींच्या मांडीला मांडी लावून बसला होता.

आधी आतली डिस्क तपासा

बाहेरची डिस्क विकत आणायच्या आधी आतलीचा श्वास बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. उघडला की डिस्कची तब्येत एका शब्दात सांगतो: गुड, कॉशन किंवा बॅड. निळा रंग असेल तर निवांत काम करा. पिवळा दिसला तर खालच्या यादीत 'रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स' आणि 'करंट पेंडिंग सेक्टर्स' ह्या दोन ओळी पाहा. पेंडिंगचा आकडा शून्य नसेल तर डिस्कला काही जागा वाचताच येत नाहीयेत. अशा वेळी आवराआवर, डिफ्रॅग, फोल्डरची नावं बदलणं असलं काही करत बसू नका. सगळ्यात मोलाच्या फायली आधी, मिळेल त्या पेनड्राइव्हवर, लगेच काढा. माझी डिस्क पिवळी होती. त्या रात्री मी अहवालांचं फोल्डर आधी काढलं आणि मगच जेवले.

कोणती डिस्क

दुकानात गेलात की तयार पोर्टेबल डिस्क समोर ठेवतात. वाईट नसतात. पण काहींमध्ये यूएसबीचं सॉकेट डिस्कच्या सर्किटवरच डाग दिलेलं असतं. ते सॉकेट सैल झालं की डिस्क धडधाकट असूनही दुसरीकडे लावता येत नाही. म्हणून मला सुटी अडीच इंची साटा (चपट्या जोडणीची) डिस्क आणि वेगळं केसिंग, म्हणजे डिस्क आत बसवून यूएसबीला जोडायची डबी, हे जास्त पटतं. केसिंग बिघडलं तर चार-पाचशे रुपयांत दुसरं आणायचं, डिस्क तीच. घरात एखादा मेलेला लॅपटॉप असेल तर त्याची डिस्कही अशी जिवंत होते. फक्त ती साटा आहे ना, हे पाहा. फार जुन्या, साधारण २००६ च्या आधीच्या लॅपटॉपमध्ये आयडीई डिस्क असायची, तिला पिनांच्या दोन रांगा दिसतात. तिचं केसिंग वेगळं. जाडीही मोजा. डिस्क बहुधा ७ मिलिमीटरची असते किंवा साडेनऊची, आणि पातळ केसिंगात जाड डिस्क बसत नाही.

माप किती घ्यायचं? तुमच्या आतल्या डिस्कच्या दुप्पट-चौपट पुरे. मी १ टीबीच्या दोन घेतल्या. एक मोठी घेण्यापेक्षा दोन लहान, हे मी पैसे मोजून शिकलेय. २ टीबीच्या पुढे जायचं तर डिस्क जीपीटी नावाच्या विभागणीच्या पद्धतीने मांडावी लागते. विंडोज ७ ला ती साठवणीसाठी चालते, एक्सपीवाल्यांनी मात्र २ टीबीच्या आतच राहावं.

एसएसडी, म्हणजे फिरती थाळी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क घ्यावी का? जुन्या यूएसबीतून तिचा वेग काही दिसणार नाही, पण ती वीज कमी खाते आणि हातातून पडली तर वाचते. रोज पिशवीतून ने-आण असेल तर घ्या. वर्ष-दोन वर्षं कपाटात पडून राहायची असेल तर नको. वीज न मिळता फार काळ राहिली की एसएसडीतला मजकूर उडायची भीती असते. कपाटासाठी फिरती हार्ड डिस्कच बरी.

आणि पाचशे रुपयांत २ टीबीचा पेनड्राइव्ह दिसला तर हात लावू नका. आत असतात १६ किंवा ३२ जीबी, आणि चिप लॅपटॉपला खोटं सांगते. फायली जाताना दिसतात, नावंही दिसतात, उघडायला गेलं की काही नाही. संशय असेल तर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचा छोटा प्रोग्रॅम पूर्ण पेनड्राइव्ह भरून परत वाचून पाहतो. वेळ घेतो, पण खरं सांगतो.

टिक-टिक

नवी डिस्क लावली आणि ती टिक-टिक करून गप्प झाली. परत लावली, परत तेच. नवी कोरी डिस्क मेली म्हणून मी दुकानात भांडायलाच गेले. दुकानातल्या पोराने ती त्याच्या यंत्राला लावली, चालू झाली. म्हणाला, "ताई, डिस्क चांगली आहे. तुमच्या लॅपटॉपचा करंट पुरंना झालाय."

त्याचं बरोबर होतं. यूएसबी २ चं पोर्ट नियमाने ५०० मिलिअ‍ॅम्पिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. हार्ड डिस्कला थाळी फिरवायला सुरुवात करताना जास्तीचा झटका लागतो. नवे लॅपटॉप तो देतात. माझ्या लॅटिट्यूडची सगळी पोर्टं यूएसबी २ ची, त्यात एकात माऊस, एकात श्रीलिपीचं लॉक (ते लावलं तरच श्रीलिपी चालते). उपाय तीन. केबल लहान घ्या, फूटभराची. लांब आणि बारीक केबलीत वीज मुरते. त्याने भागलं नाही तर दोन तोंडांची केबल येते, दोन्ही तोंडं दोन पोर्टात खुपसायची. तेही जमलं नाही तर स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब. माझं काम दोन तोंडांच्या केबलीवर झालं, माऊस तेवढा वेळ काढून ठेवते. साडेतीन इंची मोठी डिस्क घेतलीत तर तिला १२ व्होल्टचा स्वतःचा अडॅप्टर असतोच, तिथे हा प्रश्न नाही, पण वीज गेली की ती मध्येच बंद पडते.

विजेवरून आठवलं. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा नावालाच असते. माझी दहा मिनिटं टिकते. कॉपी चालू असताना वीज गेली आणि लॅपटॉप बंद पडला तर लिहिली जाणारी फाइल अर्धवट राहतेच, कधी आख्खं फोल्डर खराब होतं. म्हणून पहिली मोठी कॉपी इन्व्हर्टरवर करा. मे महिन्यात वळवाचं आभाळ आलं असेल तर त्या दिवशी करूच नका.

वेग, आणि त्याचा फार विचार का करू नये

यूएसबी २ चा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. प्रत्यक्षात ३० ते ३५ मेगाबाइट मिळाले तर खूश व्हायचं. माझ्या १८० जीबीला त्या हिशेबाने पावणेदोन तास लागायला हवेत. लागले जवळजवळ चार, कारण हजारो बारक्या फायली. लग्नपत्रिकेच्या एका कामात गणपतीची तीन चित्रं, किनार, दोन प्रूफं, असं सगळं असतं आणि प्रत्येक बारकी फाइल डिस्कला वेगळी टेकायला लावते. पण हे एकदाच. पुढच्या वेळी फक्त नवं आणि बदललेलं जातं, ते चहा होईपर्यंत आटपतं.

माझ्या लॅपटॉपला कडेला एक्सप्रेसकार्डची खाच आहे. तिच्यात यूएसबी ३ चं कार्ड बसतं. भाच्याने हौसेने आणलं. ड्रायव्हर टाकावा लागला, कारण विंडोज ७ ला यूएसबी ३ जन्मजात येत नाही. वेग वाढला, पण कार्डातून डिस्कला पुरेशी वीज मिळेना, वर वेगळी वायर लावा. शिवाय तेव्हाची आतली म्हातारी डिस्कच सेकंदाला सत्तर-ऐंशी मेगाबाइटच्या पुढे वाचत नव्हती. कार्ड आता टेबलाच्या खणात आहे.

डीव्हीडी ड्राइव्ह काढून तिच्या जागी कॅडीत, म्हणजे त्याच मापाच्या चौकटीत, दुसरी डिस्क बसवणं, हा मात्र कामाचा उद्योग आहे. कॅडी साडेनऊ आणि पावणेतेरा मिलिमीटर अशा दोन जाडीत येते, आधी पट्टीने मोजा. जागा वाढते, वेग पूर्ण मिळतो. फक्त तिला बॅकअप समजू नका, कारण लॅपटॉप पाण्यात गेला की तीही जाणार.

फॉरमॅटचं, म्हणजे डिस्कवर फायली मांडायच्या पद्धतीचं, थोडक्यात: फक्त विंडोजवर वापरणार तर एनटीएफएस. प्रेसमध्ये मॅक असेल तर एक्सफॅट. फॅट ३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही.

काय काय घ्यायचं

इथे सगळे चुकतात, मीही चुकले. पुरानंतर तासगावच्या एका प्रेसवाल्यांकडे माझ्या काही जुन्या फायली सापडल्या, छपाईसाठी पाठवलेल्या. देवच पावला म्हणून पेनड्राइव्ह घेऊन आले, उघडल्या, तर मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ. आमचे जुने मराठी फाँट युनिकोड नव्हेत. फायलीत खरं तर इंग्रजी अक्षरांचे सांकेतिक नंबर असतात आणि श्री-देव फाँट त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवतो. तो फाँट त्या यंत्रात नसेल तर मुखवटा नाही. चित्रांच्या जागी राखाडी चौकोन, कारण पेजमेकर मोठी चित्रं फायलीत घेत नाही, फक्त ती कुठे आहेत ते लक्षात ठेवतो.

म्हणून आता डिस्कवर माय डॉक्युमेंट्सच्या जोडीला हे जातं. विंडोजच्या फोल्डरमधलं फाँट्स फोल्डर उघडून सगळे मराठी फाँट निवडते आणि डिस्कवर 'फाँट' नावाच्या साध्या फोल्डरात चिकटवते. महत्त्वाचं प्रत्येक काम पूर्ण झालं की पेजमेकरात 'सेव्ह अ‍ॅज' मध्ये जाऊन कॉपीच्या पर्यायात 'ऑल लिंक्ड फाइल्स' निवडून वेगळ्या फोल्डरात साठवते, म्हणजे चित्रंही सोबत येतात. आणि त्याच फोल्डरात फाँटसकट एक पीडीएफ. उद्या पेजमेकर उघडला नाही तरी मजकूर वाचून परत टाइप तरी करता येईल. प्रोग्रॅमच्या सीड्या, त्यांचे सीरियल नंबर, प्रिंटरचा ड्रायव्हर, तेही घ्या. जुन्या यंत्राचे ड्रायव्हर पुढे शोधून सापडत नाहीत. मेल आउटलुकमध्ये असेल तर तिची पीएसटी फाइल, म्हणजे सगळी मेल जिच्यात साठते ती, विसरू नका. आउटलुक बंद करून मगच कॉपी करा. श्रीलिपीचं लॉक मात्र कॉपी होत नाही. ते कुठे ठेवता, ते घरातल्या अजून एकाला माहीत असू द्या.

रोजच्या कॉपीला मी फ्रीफाइलसिंक वापरते. डावीकडे लॅपटॉपचं फोल्डर, उजवीकडे डिस्कचं, 'कंपेअर' दाबायचं, काय जाणार ते दिसतं, मग 'सिंक्रोनाइझ'. त्यात 'मिरर' आणि 'अपडेट' असे पर्याय आहेत. मिरर म्हणजे डावीकडे जे नाही ते उजवीकडूनही काढून टाकणार. म्हणजे लॅपटॉपवर चुकून एक फोल्डर उडवलं आणि संध्याकाळी सवयीने मिरर केलं, तर डिस्कवरूनही ते गेलं. मी अपडेटवर ठेवते. डिस्कवर थोडा कचरा साठतो, साठू दे. एकाच फायलीच्या जुन्या प्रतीही हव्या असतील तर त्यात 'व्हर्जनिंग' आहे, ते चालू करून एक फोल्डर दाखवा. एकदा एका अहवालाचा ताळेबंद मी दुसऱ्या वर्षाच्या आकड्यांनी झाकून टाकला होता, व्हर्जनिंगने वाचवलं.

आणि सहा महिन्यांतून एकदा आख्ख्या लॅपटॉपची प्रत, म्हणजे सिस्टिम इमेज. कंट्रोल पॅनेलमध्ये 'बॅकअप अँड रिस्टोर', तिथे डावीकडे 'क्रिएट अ सिस्टिम इमेज'. त्याखालीच 'सिस्टिम रिपेअर डिस्क' आहे, ती सीडीवर काढून ठेवा. आतली डिस्क मेल्यावर लॅपटॉप त्या सीडीवरून सुरू करून इमेज परत ओतायची असते. दोन खाचाखोचा. त्याच डिस्कवर पुन्हा इमेज काढली की जुनी पुसली जाते, जुनी हवी असेल तर तिच्या फोल्डरचं नाव आधी बदला (परत ओतताना मात्र नाव पूर्ववत करावं लागतं). आणि ज्या डिस्कवर ओतायची ती निदान मूळ डिस्कएवढी हवी. २५० ची इमेज १२० च्या एसएसडीवर जात नाही, मग आत फायली कितीही कमी असोत. मी पुढे आतली पिवळी डिस्क काढून २५६ ची एसएसडी बसवली, ती ह्या इमेजवरूनच. पेजमेकर, फाँट, प्रिंटर, सगळं जागच्या जागी.

डिस्क कुठे राहते

काम झालं की डिस्क काढायची. कायम लावून ठेवलेली डिस्क व्हायरसलाही तुमच्याइतकीच उघडी असते, आणि फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारे व्हायरस जोडलेली प्रत्येक डिस्क धुंडाळतात. माझा विंडोज ७ तर २०२० च्या जानेवारीपासून मायक्रोसॉफ्टच्या अपडेटविना आहे, म्हणून त्याला मी इंटरनेटच देत नाही. काढताना खाली कोपऱ्यातून 'सेफली रिमूव्ह' करा, दिवा विझू द्या, आणि थाळी थांबेपर्यंत डिस्क हलवू नका.

फोटोग्राफर मंडळींत ३-२-१ चा नियम आहे, पीटर क्रोग ह्या अमेरिकन फोटोग्राफरने रूढ केलेला: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. माझी पहिली प्रत लॅपटॉपात. दुसरी डिस्क घरी, पण वरच्या मजल्यावर. तिसरी विट्याला नणंदेकडे. विट्याला पाण्याची तक्रार असते ती नसण्याची, असल्याची नाही. दर दोन महिन्यांनी कुणीतरी जातंच, लग्नाला, बारशाला. तेव्हा घरची डिस्क जाते आणि तिकडची परत येते. पहिल्यांदा नेली तेव्हा वन्सं म्हणाल्या, "काय गं, दागिने आणलेस का ठेवायला?" आता त्याच फोन करून विचारतात, डबा कधी बदलायचा म्हणून.

इंटरनेटवर ठेवणंही चांगलं, पण गूगल फुकट देतं ते १५ जीबी, त्यात मेल आणि फोटोही आले. मी तिथे फक्त चालू वर्षाच्या पीडीएफ आणि फाँटचं फोल्डर ठेवते, तेही यजमानांच्या लॅपटॉपवरून.

डब्याबद्दल: घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पावसाळ्यात आमच्याकडे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, डिस्कच्या सॉकेटला हिरवट डाग पडायला वेळ लागत नाही. पुड्या दर पावसाळ्याआधी बदलते. डबा देवघराखाली नको, तिथे समईची उष्णता आणि तेल. फ्रीजवरही नको.

डिस्कवर कागदी पट्टी चिकटवून तीन गोष्टी लिहिते: शेवटची कॉपी कधी, आत इमेज कोणत्या तारखेची, आणि फाँट आहेत की नाहीत. विट्याहून डिस्क परत आली की लगेच तिच्यावर नवं लिहीत नाही. आधी भाच्याच्या लॅपटॉपला लावून त्यातली कुठलीही पाच कामं उघडून पाहते, एक जुनं, एक नवं, एक चित्रांचं, हाताला येईल ते. पीडीएफ उघडली, मराठी मराठीत दिसलं, चित्रं जागेवर आहेत, तर मग कॉपी सुरू. मागच्या खेपेला २०२० च्या एका अहवालात एक चित्र उघडलं नाही. घरच्या लॅपटॉपवर ते शाबूत होतं, ते परत टाकलं, आणि क्रिस्टलडिस्कइन्फो लावून पाहिलं तर ती डिस्क पिवळी झालेली. ह्या रविवारी तिच्या जागी दुसरी आणायची आहे. केसिंग तेच चालेल.